जुन्या लॅपटॉपची बॅटरी: रिपेअर होते का, सेल बदलता येतात का, आणि रोज विचारले जाणारे बाकीचे प्रश्न

बॅटरी रिपेअरच्या माझ्या दुकानात फोन भुसावळवरून येवो की शहाद्यावरून, प्रश्न फिरून तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं टाईप करून ठेवतोय. आपल्याकडे नवा लॅपटॉप घेणारे कमी, सात-आठ वर्षं जुना सेकंडहँड घेऊन त्यावर एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं, ई-सेवा केंद्रवाले, क्लासवाले हेच जास्त, आणि त्या सगळ्यांचं दुखणं एकच की मशीन मस्त चालतं पण लाईट गेली की जागेवर बंद.

मन्ही बॅटरी परत जित्ती व्हई का भाऊ?

बॅटरीच्या डब्यातला सेल मेला असंल तर नाही व्हई. लिथियम आयन सेल म्हातारा होतो म्हणजे त्यातलं कामाचं लिथियम हळूहळू आतल्या थरात अडकून बसतं आणि आतला रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) वाढत जातो, ते बाहेरून कुठला करंट देऊन, कुठलं ॲप टाकून, कुठलं पाणी भरून (हो, पाणी भरायचं का असंही विचारतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीची सवय) उलटं फिरत नाही. 'बॅटरी रिपेअर करून देतो' असं कोणी म्हणालं तर तो दोनपैकी एकच गोष्ट करणार आहे. एकतर आतल्या चिपमधला बिघडलेला हिशोब रिसेट करणार, नाहीतर डबा खोलून सेल बदलणार. पैसे देण्याआधी यातलं नेमकं काय करणार ते विचारा. नुसता रिसेट मारून दिला तर टक्के छान दिसतात, बॅकअप तेवढाच राहतो.

खरोखर 'जिवंत' होते असा प्रकार एकच. बॅटरी चांगली होती पण लॅपटॉप चार-सहा महिने कपाटात पडून राहिला, सेल २.५ ते ३ व्होल्टच्या मध्ये कुठंतरी उतरले आणि डब्यातला, सेलवर लक्ष ठेवणारा बोर्ड झोपला. अशी बॅटरी लॅपटॉपला लावून चार्जर रात्रभर नाही पण दोन-तीन तास लावून ठेवला की बऱ्याचदा आपोआप उठते, कारण बोर्ड आधी अगदी बारीक करंटनं चार्ज करतो आणि ३ व्होल्ट ओलांडल्यावरच नेहमीचा करंट सोडतो.

बॅटरी किती खराब झालीये हे घरी कसं बघू?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पॉवरसीएफजी असं एकत्र लिहा, एक स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावर असतो तो स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट, एंटर. तुमच्या युजर फोल्डरमध्ये एक फाईल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. समजा डिझाइन ४८,००० मिलीवॉट-अवर आहे आणि फुल चार्ज १६,००० वर आलंय तर बॅटरी तिसऱ्या हिश्शावर आली, संपला विषय. ६० टक्क्यांच्या वर असेल तर माझ्या मते खर्च करू नका, ब्राइटनेस कमी करा आणि चालवा. सायकल काउंटही (बॅटरी किती वेळा पूर्ण चार्ज-डिसचार्ज झाली तो आकडा) असतो, साधारण ३०० ते ५०० पूर्ण सायकलनंतर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येणं हे नॉर्मल आहे, त्यात कुणी फसवलं असं काही नाही.

फक्त एक, काही लोकल बॅटऱ्यांची चिप सायकल काउंट कायम शून्य दाखवते आणि डिझाइन कपॅसिटी मनाला येईल ती, तिथं या रिपोर्टवर भरोसा ठेवू नका, सरळ घड्याळ लावून बॅकअप मोजा.

१०० टक्के दाखवते, ४० पर्यंत नीट उतरते आणि मग एकदम बंद. सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे का?

कधीकधी असतो, पण बहुतेक वेळा नाही. जुन्या लॅपटॉपच्या सहा सेलच्या डब्यात दोन-दोन सेल जोडीनं पॅरलल (प्लसला प्लस) असतात आणि अशा तीन जोड्या सिरीजमध्ये (एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस). एक सेल ३.६ व्होल्टचा, तीन जोड्या मिळून १०.८ व्होल्ट, म्हणून डब्यावर १०.८ किंवा ११.१ लिहिलेलं असतं. २२०० एमएएच क्षमतेचे सेल असतील तर जोडीचे ४४०० होतात, म्हणजे ४८ वॉट-अवरच्या आसपास. आता या तीन जोड्यांपैकी एक कमजोर झाली की बाकी दोन कितीही तगड्या असू देत, कमजोर जोडी ३ व्होल्टच्या खाली गेली की बोर्ड सगळाच सप्लाय तोडतो. जोडीतला एक बैल बसला की गाडी तिथंच, तसं. म्हणून अशा डब्यात बऱ्याचदा दोन सेल खलास आणि चार बऱ्यापैकी निघतात.

हिशोब चुकलाय का हे आधी तपासायचं असेल तर एकदा पूर्ण चार्ज करा, दोन तास तसंच लावून ठेवा, मग स्लीप वगैरे सगळं बंद करून पूर्ण उतरू द्या, पाच तास थांबा आणि न थांबवता परत १०० पर्यंत न्या. याला कॅलिब्रेशन म्हणतात. यानं क्षमता वाढत नाही, फक्त टक्के खरे दिसायला लागतात. हे दर आठवड्याला करत बसू नका, पूर्ण उतरवणं लिथियमला चांगलं नसतं, फारतर वर्षातनं दोनदा.

मग खराब दोनच सेल बदलून द्या ना, चार तर चांगले आहेत?

नाही करत. नवे दोन आणि जुने चार एकत्र टाकले की नव्यांची क्षमता जास्त आणि जुन्यांची कमी, चार्ज होताना जुने आधी भरतात, उतरताना जुने आधी रिकामे होतात, काही महिन्यांत परत तोच प्रॉब्लेम. ग्राहकाला वाटतं निम्म्या पैशात काम झालं. बदलायचे तर सगळे, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, जमलं तर एकाच बॅचचे.

फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवली की चालते असं मोबाईलवर बघितलं.

निकेल कॅडमियमच्या जमान्यातला हा टोटका कुठून कुठं आलाय देव जाणे. लिथियमला त्याचा काही उपयोग नाही, उलट बाहेर काढल्यावर आपल्याकडच्या गरम हवेत डब्याच्या आत पाणी सुटतं आणि बोर्डवर गंज. पिशवीत गुंडाळून ठेवली तरी तेच.

शून्य व्होल्ट दाखवणाऱ्या सेलला दुसऱ्या बॅटरीनं झटका देऊन उठवतात, ते करू का?

हे मात्र खरंच करू नका, आणि इथं मी थोडा कडक बोलणार. सेल २ व्होल्टच्या बराच खाली जाऊन दिवसच्या दिवस पडून राहिला की आतली तांब्याची पातळ फॉइल विरघळायला लागते, आणि परत चार्ज केला की ते तांबं भलत्याच जागी जाऊन जमा होतं. सेल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज झालेला दिसतो, मीटरवर सगळं ओके, पण आत बारीक शॉर्ट तयार होत असतो. तो कधी गरम होईल सांगता येत नाही, आज नाही झाला तर पुढच्या महिन्यात तुम्ही झोपलेले असताना. व्हिडिओवाला सेल उठल्याचं दाखवतो आणि व्हिडिओ संपवतो, पुढच्या महिन्यातला सेल कुणी दाखवत नाही.

आधी मीटरवर बघा आपण कशाबद्दल बोलतोय. डब्याच्या बाहेरच्या पिनांवर शून्य येणं म्हणजे सेल शून्य नव्हे, कारण बरेच बोर्ड लॅपटॉपला लावल्याशिवाय बाहेर व्होल्टेज सोडतच नाहीत. डबा खोलून प्रत्येक जोडीवर मीटर लावला तरच कळतं.

डब्याच्या आत नेमकं काय काय असतं?

जाड बॅटरी असेल तर १८६५० नावाचे गोल सेल, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. त्यांना जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या, सेलला चिकटवलेला तापमान मोजणारा थर्मिस्टर, आणि एक बारीक हिरवा बोर्ड. बोर्डवरची मुख्य आयसी म्हणजे गेज, बऱ्याच डब्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू मालिकेतली सापडते. ती करंट मोजते, टक्के काढते, प्रत्येक जोडीचं व्होल्टेज बघते आणि दोन तारांवरून लॅपटॉपशी बोलते. शिवाय बहुतेक डब्यांत तीन पायांचा एक फ्यूज असतो, तो नुसत्या जास्त करंटनं नाही तर चिपनं ठरवलं तरी उडतो, आणि एकदा उडाला की उडाला.

सेल मी घरी बदलू शकतो का? सोल्डरिंग येतं मला.

सोल्डरिंग येतं म्हणजे अर्धं काम येतं, आणि गंमत म्हणजे सेलवर सोल्डरिंग करायचंच नसतं. लोखंडी कव्हरवर टाका धरायला आयर्न खूप वेळ टेकवावी लागते, त्या उष्णतेनं आतला सेपरेटर (प्लस-मायनस वेगळे ठेवणारा पडदा) आणि टोकाचं सील खराब होतं. त्यासाठी स्पॉट वेल्डिंगच पाहिजे, कारच्या बॅटरीवर चालणारी छोटी मशीन आता सहज मिळतात. पट्टी ०.१५ मिलिमीटर जाडीची आणि शुद्ध निकेलची घ्या. बाजारात लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेली पट्टी त्याच नावानं विकतात. एक तुकडा कानशीनं घासून मिठाच्या पाण्यात ठेवा, सकाळी गंज दिसला तर समजायचं.

पद्धत थोडक्यात सांगतो, पण वाचून धीर खचत असेल तर करू नका, यात लाज नाही. आधी बॅटरी २०-३० टक्क्यांपर्यंत उतरवून घ्या. डबा स्क्रूचा नसतो, जोडावर गोंद किंवा वेल्डिंग असतं, प्लास्टिकची पट्टी सरकवत सरकवत उघडायचा, स्क्रूड्रायव्हर आत खुपसला की सेलचं पोट फाटतं आणि मग पळा. उघडल्यावर पहिलं काम फोटो, चारी बाजूंनी, कुठली तार कुठल्या जोडाला जाते ते कागदावर काढून ठेवा. अंगठी, कडं, घड्याळ काढा. हे सगळ्यांना सांगून झालंय तरी लोक अंगठी घालून बसतात.

मग येतो बोर्डचा प्रश्न. काही बोर्ड सेल सुटले की फक्त झोपतात आणि चार्जर लावला की उठतात, पण काही बोर्ड सेलचं व्होल्टेज गेलेलं बघून 'कायमचा बिघाड' अशी नोंद स्वतःच्या मेमरीत करतात आणि मग नवे सेल टाका नाहीतर सोन्याचे टाका, चार्ज घेणार नाही. म्हणून जुने सेल काढण्याआधी बोर्डला बाहेरून तेवढंच व्होल्टेज देऊन ठेवतात, मधल्या टॅपांसकट (जोड्यांच्या मधून बोर्डला जाणाऱ्या तारा). त्यासाठी नवे सेल तात्पुरते जुन्यांना पॅरलल लावणार असाल आणि जुन्या-नव्या जोड्यांच्या व्होल्टेजमध्ये फरक असेल तर लावल्याबरोबर मोठा करंट धावतो, त्यामुळे आधी व्होल्टेज जुळवून घ्यायचं, दुसऱ्या दशांशापर्यंत.

नवे सेल जुन्याच मांडणीत वेल्ड करायचे. प्लसच्या टोकाला कागदी रिंग बसवायला विसरू नका, कारण १८६५० चा अख्खा डबा मायनस असतो, प्लसच्या टोपीच्या अगदी कडेपर्यंत, आणि वरचं प्लास्टिक जरा कापलं गेलं की पट्टीनं तिथंच शॉर्ट. बोर्ड सोडवून परत जोडत असाल तर आधी सगळ्यात खालचा मायनस, मग मधले टॅप खालून वर, शेवटी वरचा प्लस. थर्मिस्टर परत सेलला चिकटवायचा, मोकळा लटकत ठेवला तर सेल तापलेला बोर्डला कळणारच नाही. डबा लगेच गोंदानं बंद करू नका, आधी टेपवर ठेवून दोन-तीन चार्ज डिसचार्ज बघा, मधे मधे हात लावून कुठला सेल एकटाच गरम होतोय का ते पाहा.

सेल नवे टाकले तरी बॅकअप जुन्याइतकाच दाखवतो, असं का?

चिपला माहीतच नाही ना सेल बदललेत. तिच्या मेमरीत जुनी शिकलेली क्षमता तशीच आहे. काही चिप दोन-तीन पूर्ण सायकलमध्ये नवी क्षमता शिकतात, काहींना कॉम्प्युटरला जोडून नवी क्षमता लिहावी लागते, सायकल काउंट आणि बिघाडाची नोंद पुसावी लागते. त्यासाठी टेक्सासचं ईव्ही २३०० किंवा ईव्ही २४०० अडॅप्टर किंवा बाजारातली तशीच टूल वापरतात. चिपला पासवर्ड असतो, सगळ्या चिप उघडत नाहीत, आणि नाही उघडली तर नाही उघडली. म्हणून काम घेतानाच ग्राहकाला सांगायचं असतं की चिप लॉक निघाली तर सेलचे पैसे वाया जाऊ शकतात. तुम्हाला दुकानदारानं हे आधी सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा.

बिघाडाची नोंद पुसताना एक बघायचं, नोंद का झाली होती. जोड्यांचं व्होल्टेज फार वेगवेगळं झालं म्हणून झाली असेल आणि आता सगळे सेल नवे आहेत तर ठीक. पण तीन पायांचा फ्यूज उडालाय आणि कारण सापडत नाहीये, अशा वेळी फ्यूजच्या जागी तार टाकून चालू करून देणारे आहेत. त्यांच्याकडून बॅटरी घेऊ नका.

सेल कुठले घ्यावेत? ऑनलाइन ९९०० एमएएचचे स्वस्तात मिळतात.

९९०० चा १८६५० सेल आजवर कोणी बनवलेला नाही. मोठ्या कंपन्यांचे चांगल्यातले चांगले सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. त्याहून बराच मोठा आकडा दिसला की तो सेल सोडून पुढं जायचं. सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक, मुराता यांचे खरे सेल २२०० ते ३५०० मध्ये असतात आणि वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं, नकली बरेचदा ३० च्या आसपास. जळगाव सोन्याचं गाव आहे, बारीक वजनकाट्याची इथं काय कमी, ओळखीच्या सोनाराकडं दोन सेल ठेवून बघा, तोही हसेल आणि तुमचंही काम होईल. चांगल्या सेलवर नुसता आकडा नाही तर मॉडेल नंबर आणि बॅचचा कोड छापलेला असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डब्यावरचं व्होल्टेज बघा. १०.८, ११.१, १४.४ किंवा १४.८ असेल तर सेल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज होणारे, नेहमीचे. पण ११.४, ७.६ किंवा १५.२ लिहिलं असेल तर तो बोर्ड प्रत्येक सेल ४.३५ पर्यंत चढवतो, त्यात साधा सेल टाकला की रोज ओव्हरचार्ज.

माझा लॅपटॉप पातळ आहे, आत चपटी बॅटरी आहे. त्याचे सेल बदलता का?

नाही. त्यात पाकिटासारखे लिथियम पॉलिमर सेल असतात, नेमक्या त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा चांगला सेल सुटा मिळणं अवघड, आणि पाकीट जरा दुमडलं तरी धोका. पूर्ण बॅटरी बदला.

बॅटरी फुगलीये, टचपॅड वर आलाय. टाचणी मारून गॅस काढला तर?

टाचणी मारली की गॅससोबत आगही निघू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, दाबून झाकण बंद करायचा प्रयत्न करू नका. बॅटरी बाहेर काढून घ्या किंवा काढून आणा, पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवली तर उत्तम. फुगलेली बॅटरी परत बसत नाही, कुणी बसवून दिली तर ती सुई मारलेली आहे.

खर्च किती येतो? नवीनच घेतलेली बरी नाही का?

बऱ्याचदा हो, नवीनच बरी. हे लिहून माझंच काम कमी करतोय पण खरं ते खरं. चांगला कंपनीचा सेल साधारण २०० ते ३५० रुपयांना पडतो, सहा सेलचे झाले बाराशे ते एकवीसशे, वर मजुरी. तेवढ्यात बऱ्याच मॉडेलची कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीची, पण त्या मॉडेलला बसणारी) बॅटरी येते वॉरंटीसकट. मग सेल बदलायचे कधी? एक, जेव्हा त्या मॉडेलची बॅटरी बाजारातच मिळत नाही. विप्रो आपल्या अमळनेरला १९४५ मध्ये तेला-तुपापासून सुरू झाली, पुढं कॉम्प्युटर-लॅपटॉपही बनवले आणि २०१३ मध्ये ते बनवणं बंद केलं. असे लॅपटॉप अजून काही ऑफिसांत, संस्थांत धूळ खात चालू आहेत आणि त्यांची नवी बॅटरी शोधणं म्हणजे कठीणच. दोन, काही बिझनेस लॅपटॉप परकी चिप ओळखत नाहीत, कंपॅटिबल बॅटरी लावली की चार्जच करत नाहीत, तिथं ओरिजनल डबा आणि ओरिजनल बोर्ड ठेवून आतले सेल बदलणं हाच मार्ग. तीन, तुम्हाला जास्त बॅकअप पाहिजे, २२०० च्या जागी ३००० वरचे सेल टाकून दीडपटीच्या आसपास मिळतो.

कंपॅटिबल घ्यायची तर लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आयएस १६०४६ हा मानकाचा नंबर लिहिलाय का बघा. छापील लेबल खोटंही असू शकतं, पण ज्याच्यावर तेवढंही नाही ती तर घेऊच नका.

मे महिन्यात चार्जिंगच होत नाही, 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' येतं. बॅटरी गेली का?

एप्रिल-मेमध्ये हा फोन हमखास येतो, आणि जास्त करून भुसावळ, रावेर, चोपडा पट्ट्यातून. लिथियम सेलचं तापमान ४५ अंशांच्या वर गेलं की बहुतेक बोर्ड चार्जिंग थांबवतात, तशी त्यांना शिकवणच असते. आता आपल्याकडं बाहेरच ४४-४५ अंश, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, त्यात लॅपटॉपची स्वतःची उष्णता, मग सेल ५० च्या वर जाणार नाही तर काय. बॅटरी चांगली आहे, ती स्वतःला वाचवतेय. कूलरसमोर ठेवा (पाण्याच्या तुषारांपासून लांब), पहाटे चार्ज करा, गादीवर ठेवून चालवू नका.

खरं नुकसान वेगळंच होतं. लिथियमला उष्णता आणि फुल चार्ज दोन्ही एकत्र आले की सगळ्यात वाईट. ४० अंशांत १०० टक्के भरून वर्षभर ठेवलेला सेल तिसरा हिस्सा क्षमता घालवून बसतो, तोच ४० टक्क्यांवर ठेवला तर नुकसान निम्म्याहून कमी. खान्देशात बॅटऱ्या लवकर जातात त्याचं मोठं कारण हे आहे, चार्जर लावून टेबलावर कायम १०० टक्के आणि खोली भट्टी. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्ज ६० किंवा ८० ला थांबवायची सोय असते, लेनोवोत कन्झर्वेशन मोड, असूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, डेल-एचपीत बायॉसमध्ये (विंडोज चालू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) सापडते. ती उन्हाळाभर चालू ठेवा. गाडीच्या डिकीत, बाईकच्या टाकीवरच्या काळ्या बॅगेत लॅपटॉप दुपारभर ठेवू नका. सुट्टीला जाताना अर्ध्यावर चार्ज करून थंड कपाटात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवलं तर?

जुन्या, बॅटरी निघणाऱ्या लॅपटॉपमध्ये चालतं. फक्त लोडशेडिंगच्या झटक्यात फाईल गेली की महावितरणला शिव्या देऊन उपयोग नाही. ई-सेवा केंद्रवाल्यांना मी तर म्हणतो की बॅटरीवर खर्च करण्यापेक्षा छोटा यूपीएस घ्या, राऊटर आणि प्रिंटरचं काहीतरी बघावं लागणारच आहे.

जुन्या डब्यातले चांगले निघालेले सेल कशात वापरू?

शेतात रात्री पाणी धरायला लागणारी हेडलाईट, टॉर्च, छोटा रेडिओ, अशा एका सेलवर चालणाऱ्या वस्तूंत. आधी सेल तपासा. ४.२ पर्यंत चार्ज करून महिनाभर बाजूला ठेवा, ४.१ च्या खाली उतरला तर तो आपोआप गळतोय, टाकून द्या. चार्ज होताना एकटा गरम झाला तरी टाकून द्या. उरलेल्यांची क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर मोजा, मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर असेल तर वापरा. एका सेलसाठी प्रोटेक्शन असलेला चार्जिंग मॉड्यूल वीस-तीस रुपयांत येतो, तो लावल्याशिवाय नाही. असे जुने सेल गोळा करून इ-सायकलची बॅटरी बनवायची आयडिया दर महिन्याला कोणीतरी घेऊन येतं, मी त्यात हात घालत नाही.

पेट घेतला तर काय करायचं?

चार्जर बटणातून बंद करा, माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, धूर नाकात जाऊ देऊ नका, तो विषारी असतो. लॅपटॉपच्या आकाराच्या बॅटरीवर भरपूर पाणी ओतलं तर चालतं, कारण गरज ज्वाळा विझवण्यापेक्षा सेल थंड करण्याची असते, नाहीतर एकाचा दुसऱ्याला लागत जातो. विझल्यासारखी वाटली तरी लगेच हातात घेऊ नका, परत पेटते. आणि हे फक्त लोकल मालातच होतं असं नाही, २००६ मध्ये डेलनं सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, सेल बनवताना आत राहिलेल्या धातूच्या बारीक कणांमुळं.

विमानात नेता येते का सेल बदललेली बॅटरी?

सुटी बॅटरी हँडबॅगमध्येच, चेक-इनमध्ये नाही, आणि १०० वॉट-अवरपर्यंत विचारणा होत नाही. सहा सेल ३५०० चे टाकले तरी ७५ च्या आसपास होतात, अडचण नाही. नऊ सेलच्या डब्यात तेच टाकले तर ११३ होतात, तिथं एअरलाइनची परवानगी लागते. लेबलवर जुना आकडा तसाच असतो म्हणून कोणी पकडत नाही, पण आपल्याला माहीत असावं.

जुने सेल घंटागाडीत टाकले तर चालतील का?

नको ना भो. कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले की तिथंच पेटतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि बॅटरी विकणाऱ्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणं बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुना माल परत घेण्याची जबाबदारी आहे, गावपातळीवर ते अजून म्हणावं तसं दिसत नाही, त्यामुळं भंगारवाल्याला दिलं तर निदान हे लिथियम आहे, फोडू नको एवढं सांगा.

दुकानात येताना काय आणू?

लॅपटॉप, बॅटरी आणि तुमचाच चार्जर, तिन्ही. नुसती बॅटरी आणली तर चार्ज न होण्याचं कारण चार्जर आहे की मदरबोर्ड हे कळत नाही. फोन करत असाल तर डब्यावरच्या लेबलचा फोटो पाठवा, त्यावर व्होल्टेज आणि पार्ट नंबर नीट दिसले पाहिजेत, 'एचपीचा काळा लॅपटॉप आहे' एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही. आणि डबा घरी अर्धा खोललेला असेल तर तसं आधीच सांगा, मी रागावत नाही, फक्त एसटीत पिशवीत टाकून आणू नका.